नांगर सगळ्यात शेवटी थांबवा: मराठवाड्यातील धान्यशेती कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर नेण्याचा क्रम

मराठवाड्यात कायमस्वरूपी गादीवाफे (दोन सऱ्यांमधले उंच, सपाट माथ्याचे वाफे), शून्य मशागत (न नांगरता पेरणी) आणि पीक अवशेषांचे आच्छादन या गोष्टी आता गावोगावी माहीत झाल्या आहेत, आणि दरवर्षी अनेक कुटुंबे आपल्या सोयाबीन-तूर-ज्वारीच्या शेतात त्या करूनही पाहतात. तरीही दुसऱ्या किंवा तिसऱ्या हंगामात त्यातल्या बऱ्याच शेतांत पुन्हा रोटाव्हेटर फिरताना दिसतो. तण आवरले नाही, पेरणी नीट झाली नाही, वाफे बसले, गोगलगायींनी रोपे खाल्ली, अशी कारणे सांगितली जातात. ती खरीच असतात; मात्र त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच चूक आढळते. नांगरट बंद करणे ही या पद्धतीची पहिली पायरी समजली जाते. प्रत्यक्षात ती शेवटची आहे. पाण्याची वाट, बहुवार्षिक तणांचा बंदोबस्त, वाफ्यांची आखणी आणि आच्छादनाची तरतूद एवढ्या चार गोष्टी झाल्यानंतरच नांगर गोठ्यामागे उभा करावा.

पुढील क्रम मध्यम ते भारी काळ्या जमिनीवर कोरडवाहू किंवा एखाद-दुसऱ्या संरक्षित पाण्यावर धान्य आणि कडधान्ये पिकवणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. हलक्या मुरमाड जमिनीत पाणी मुळातच लवकर निचरते. तिथे गादीवाफ्यांचा खर्च करण्याऐवजी सपाट पेरणी करून दर चार ते सहा ओळींनंतर एक मृत सरी (पाणी मुरण्यासाठी रिकामी ठेवलेली सरी) काढावी. आच्छादन आणि फेरपालट यांविषयीचे पुढचे टप्पे मात्र तिथेही जसेच्या तसे लागू पडतात.

## टप्पा १: घरात आणि बांधावर आधी ठरवायच्या गोष्टी (फेब्रुवारी-मार्च)

पहिल्या वर्षी संपूर्ण शेत या पद्धतीवर नेऊ नये. एक एकराचा, रस्त्यालगतचा किंवा घरापासून रोज दिसेल असा तुकडा निवडावा. सगळ्यात खराब तुकडा प्रयोगाला देण्याची सवय घातक आहे, कारण चिबड (पाणी साचून राहणाऱ्या) किंवा हराळीने भरलेल्या जमिनीत अपयश आले की दोष पद्धतीच्या माथी जातो आणि घरातले लोक पुन्हा तयार होत नाहीत.

त्यानंतर चाऱ्याचा हिशेब मांडावा. एका मोठ्या जनावराला दिवसाला ६ ते ८ किलो कोरडा चारा धरला, तर वर्षाला साधारण अडीच टन लागतो. दोन बैल आणि एक म्हैस असलेल्या घराला सात-साडेसात टन कडबा, भुसकट आणि गुळी (सोयाबीनच्या मळणीत उरणारा काडीकचरा) यांची तजवीज करावी लागते. हा आकडा कागदावर न मांडता ‘सगळे अवशेष शेतातच ठेवू’ असे ठरवले, तर मार्चमध्ये चारा संपतो आणि आच्छादन उचलून गोठ्यात जाते. म्हणून कडबा जनावरांना, धसकटे आणि मुळे जमिनीला, सोयाबीनच्या गुळीतला निम्मा भाग शेताला परत, तुराट्या सरपणाला की शेताला, अशी वाटणी आधीच ठरवावी. हे घरातल्या सगळ्यांसमोर बोलून ठरलेले असावे, कारण गोठा आणि चूल ज्यांच्या हाती असते त्यांना विचारल्याशिवाय केलेली वाटणी टिकत नाही.

जमीन बटईने किंवा ठोक्याने केलेली असेल, तर निदान तीन वर्षांचा शब्द घेऊनच वाफे काढावेत. वाफ्यांचा खर्च पहिल्या वर्षी होतो आणि मशागतीची बचत पुढच्या वर्षांत मिळते. एका वर्षात जमीन सोडावी लागली तर करणाऱ्याच्या पदरात फक्त खर्च पडतो.

तपासणी: सुगी संपल्यावर गावातली जनावरे कोणत्या वाटेने चरायला येतात, आणि शेजारी उन्हाळ्यात बांध पेटवतो का, हे आत्ताच विचारून घ्यावे. एका दुपारच्या आगीत किंवा आठ दिवसांच्या चराईत वर्षभराचे आच्छादन नाहीसे होते.

## टप्पा २: माती आणि पाण्याची वाट (एप्रिल)

माती परीक्षणासाठी निवडलेल्या तुकड्यातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा २० ते २२ सें.मी. खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची दोन बोटे जाडीची माती काढावी, ती एकत्र करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि शेवटी अर्धा किलो माती उरेपर्यंत हे करत राहावे. खत टाकल्यावर, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी किंवा बांधालगत नमुना घेऊ नये. अहवालात सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब या तीन आकड्यांकडे प्रथम पाहावे. सामू ८.५ च्या वर असेल किंवा जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली, पाणी न मुरणारी) असेल, तर निचरा सुधारणे हे पहिले काम आहे आणि वाफे त्यानंतरचे.

प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच उपयोगी अशी एक तपासणी शेतातच करता येते. शेताच्या मध्यावर दोन फूट खोल खड्डा घ्यावा आणि त्याची एक बाजू चाकूने वरून खाली खरवडत न्यावी. पहिले पाच-सहा इंच चाकू सहज जातो, नंतर एका थरावर तो अडखळतो आणि त्याखाली पुन्हा माती मोकळी लागते. तो अडखळणारा थर म्हणजे वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चाललेल्या नांगराने आणि रोटाव्हेटरने दाबून तयार केलेला तवा. तुरीची जुनी मुळे त्या जागी आडवी वळलेली दिसतात. हा तवा असताना शून्य मशागत सुरू केली, तर पाऊस वरच्या सहा इंचांतच अडकतो आणि ऑगस्टच्या उघडिपीत पीक माना टाकते. तवा आढळल्यास पुढच्या टप्प्यात सबसॉयलरचा (हा खोल थर फोडणाऱ्या ट्रॅक्टरच्या अवजाराचा) खर्च धरावा; न आढळल्यास तो वाचवावा.

मग पाण्याची वाट. वरच्या शेतातून पाणी कुठे शिरते, शेतात कुठे साचते आणि कुठून बाहेर पडते, हे कागदावर रेखाटावे. गवंडी वापरतात तशा पारदर्शक नळीच्या पाणीपातळीने उतार मोजता येतो. वाफे उताराला आडवे असावेत, पण अगदी सपाट नसावेत; सरीला १०० फुटांमागे साधारण अर्धा फूट उतार मिळाला, तर पाणी मुरतही राहते आणि जास्तीचे हळूहळू निघूनही जाते. सरीचे तोंड जिथे संपते तिथे गवत असलेला चर किंवा दगडी सांडवा हवा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनी खरवडून गेल्या आणि उभी पिके पाण्यात राहिली. अशा पावसात बाहेर पडायची वाट न ठेवलेली सरी स्वतःच ओघळ बनते.

सावधान: ट्रॅक्टरला सोपे जाते म्हणून उताराच्या दिशेने वाफे ओढणे ही या टप्प्यावरची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चालकाला लांब सरी आवडते. शेताच्या मालकाने फक्कीने रेघ मारून त्याला दिशा दाखवावी आणि पहिल्या दोन सऱ्या होईपर्यंत शेतातच थांबावे.

## टप्पा ३: शेवटची मशागत (एप्रिल अखेर ते मे)

हा टप्पा घाईने उरकला जातो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी इथेच जन्म घेतात. कुंदा, हराळी आणि लव्हाळा ही तीन तणे जमिनीखालच्या खोडांपासून म्हणजे काशांपासून आणि गाठींपासून पुन्हा वाढतात. नांगर बंद झाल्यानंतर त्यांना हात लावण्याची सोय राहत नाही. त्यामुळे कुंद्याची बेटे असलेल्या जमिनीत कडक उन्हात खोल नांगरट करून ढेकळे तशीच तापू द्यावीत, दहा-पंधरा दिवसांनी वखराच्या पाळीने वर आलेल्या काशा वेचून बांधाबाहेर वाळवाव्यात आणि पुन्हा एकदा वेचणी करावी. लव्हाळ्याच्या गाठी उन्हाने पूर्ण मरत नाहीत, म्हणून दाट लव्हाळा असलेला तुकडा पहिल्या वर्षी निवडूच नये. वेचणी होऊनही कुंदा जागोजागी शिल्लक दिसत असेल, तर वाफे एक वर्ष पुढे ढकलावेत. ही एक वर्षाची ढकल मला तणनाशकांच्या दोन वर्षांच्या खर्चापेक्षा नेहमी स्वस्त वाटते.

तवा फोडायचा असेल तर जमीन कोरडी ठणठणीत असताना सबसॉयलर चालवावा. ओल्या काळ्या मातीत तो थर फोडत नाही, फक्त चिरत जातो आणि कडेची माती आणखी दाबतो. त्यानंतर कुजलेले शेणखत एकरी दोन टनांच्या आसपास पसरून शेवटची वखरपाळी द्यावी. अर्धवट कुजलेले खत वापरू नये. त्यातून तणांचे बी आणि हुमणीच्या अळ्या दोन्ही शेतात येतात.

तपासणी: वाफे काढण्याआधी शेतातून तिरके चालत जावे. जिवंत हिरवी काशी पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी दिसली, तर काम पूर्ण झालेले नाही.

## टप्पा ४: वाफे काढणे (मे अखेर)

आखणी करण्यापूर्वी जो ट्रॅक्टर पुढची काही वर्षे या शेतात येणार आहे, त्याच्या मागच्या दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. चाके कायम सरीतच चालली पाहिजेत, वाफ्यावर कधीही नाही. हे एक अंतर जुळले नाही तर दरवर्षी वाफ्याची एक कड तुडवली जाते. साधारणपणे सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंत साडेचार फूट म्हणजे सुमारे १३५ सें.मी., वाफ्याचा माथा ९० ते १०० सें.मी. आणि सरीची खोली १५ ते २० सें.मी. ठेवतात. भाड्याचा ट्रॅक्टर दरवर्षी वेगळा येत असेल, तर त्या चालकांना हे अंतर सांगून चाके जुळवून घ्यावीत, किंवा पेरणी आणि फवारणी माणसांनी करण्याचे ठरवावे.

माथा सपाट असावा. मध्ये फुगीर आणि कडेला उतरता वाफा दिसायला नीटनेटका वाटतो, पण कडेच्या ओळी लवकर वाळतात आणि जोराच्या पावसात बी सरीत वाहून येते. वाफे मातीत ओल असताना काढू नयेत. ओल्या काळ्या मातीचे चकाकणारे पट्टे तयार होतात आणि ते वाळले की विटेसारखे कडक राहतात. पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर शेतात जाऊन कोणत्या सरीत पाणी उभे आहे ते पाहावे आणि तेवढ्याच जागा फावड्याने दुरुस्त कराव्यात. ही दुरुस्ती पहिल्या वर्षी झाली नाही, तर त्या जागा कायमच्या पिवळ्या राहतात.

## टप्पा ५: खरिपाची पेरणी

सलग ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. आच्छादन असलेल्या वाफ्यावर वरची माती लवकर ओली दिसते, त्यामुळे घाई करण्याचा मोह अधिक होतो. चार इंच खाली बोट घालून ओल एकसारखी लागली तरच बियाणे बाहेर काढावे.

घरचे सोयाबीन असेल तर मे महिन्यातच उगवण तपासावी. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवावेत, रोज पाणी शिंपडावे आणि आठवड्यानंतर निरोगी कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक उगवण असेल तर एकरी सुमारे २६ किलो बियाणे पुरते. ६० असेल तर ३० किलोंपर्यंत वाढवावे लागते. त्याहून कमी असेल तर ते बियाणे धान्य म्हणून विकावे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, म्हणून पोती आपटणे आणि बीजप्रक्रिया करताना दाणे चोळणे टाळावे.

बीजप्रक्रियेचा क्रम उलटा होण्याची चूक फार सर्रास होते. आधी बुरशीनाशक, मग गरज असल्यास कीटकनाशक, ते सुकल्यावर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आणि शेवटी सावलीत वाळवून त्याच दिवशी पेरणी, असा तो क्रम आहे. जिवाणू आधी लावून त्यावर बुरशीनाशक चोळले तर जिवाणू मरतात. सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे रायझोबियम वेगळे असते; शिल्लक राहिलेले एकाचे पाकीट दुसऱ्याला चालत नाही.

एका वाफ्यावर सोयाबीनच्या तीन ओळी बसतात. ओळींत ३० ते ३५ सें.मी. अंतर ठेवून दर १५ सें.मी. वर ३ दाणे टोकले, तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ४५ × ५ सें.मी. (दोन ओळींत × दोन रोपांत) या शिफारशीइतकीच रोपांची संख्या मिळते. खोली ३ ते ५ सें.मी. च्या पुढे जाऊ देऊ नये. हेच विद्यापीठ सोयाबीन-तूर आंतरपिकासाठी ४:२ ओळी (सोयाबीनच्या चार, तुरीच्या दोन) सुचवते. तीन ओळींच्या वाफ्यांवर ते प्रमाण जसेच्या तसे बसत नाही, म्हणून दोन वाफे सोयाबीनचे आणि तिसरा वाफा तुरीच्या दोन ओळींचा अशी रचना सोयीची पडते. तुरीसाठी बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६ अशा मर रोगाला दाद न देणाऱ्या वाणांना पसंती द्यावी, कारण न नांगरलेल्या जमिनीत जुन्या मुळांवरची बुरशी टिकून राहते.

खत बियाण्याच्या बाजूला आणि थोडे खाली, मातीत पडले पाहिजे. आच्छादनावर फेकलेला युरिया आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत मोठ्या प्रमाणात हवेत उडून जातो, आणि उरलेला वरचे काड कुजवण्यात खर्च होतो.

सावधान: धसकटे उभी असलेल्या वाफ्यावर साधी तिफण चालवू नये. फणांमध्ये काड अडकते, ते ओढत जाते, बी उघडे पडते, आणि मग ‘पेरणी होत नाही’ म्हणून शेत साफ केले जाते. शून्य मशागतीचे पेरणी यंत्र उपलब्ध होत नसेल, तर पहिल्या एकरात हाताच्या टोकण यंत्राने किंवा मजुरांकडून टोकण करावी. एका एकराला ते परवडते, आणि म्हणूनच सुरुवात एका एकराने करायची.

## टप्पा ६: तणांचा पहिला हंगाम

पहिली दोन वर्षे तण वाढते, हे आधीच मान्य करून मनुष्यबळ आणि पैसा राखून ठेवावा. मशागत थांबली की वरच्या दोन इंचांतले सगळे बी उगवू पाहते. ते उगवू द्यावे, पण त्याला फुलोऱ्यावर जाऊ देऊ नये. नवे बी पडले नाही तर तिसऱ्या वर्षापासून गवत कमी होत असल्याचे दिसू लागते, आणि एकदा जरी गाजर गवत किंवा माठ फुलून बी पडले तर मागची मेहनत बरीचशी वाया जाते.

पेरणीपूर्वी उगवलेली पहिली लव कापून तिथेच पसरावी. उगवणपूर्व तणनाशक वापरायचे असेल तर पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, जमिनीत ओल असताना, एकरी २०० लिटर पाण्यातून, पसरट पंखा नोझलने आणि मागे सरकत फवारावे. कमी पाणी घेतले तर औषध आच्छादनावरच अडकते आणि मातीपर्यंत पोचत नाही. उभ्या पिकातील तणनाशक तण दोन ते चार पानांवर असतानाच काम करते. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकांना चालणारेच औषध घ्यावे, आणि रब्बीत ज्वारी घ्यायची असेल तर सोयाबीनमधल्या औषधाचा अंश ज्वारीला बाधतो का, हे लेबलवर वाचूनच खरेदी करावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घातले. दुकानदाराच्या सल्ल्यावरून ते शेतात ओतण्याची पद्धत बंद केली पाहिजे.

खुरपणीला येणाऱ्या बायांना नव्या कामाची पद्धत समक्ष दाखवावी लागते. सवयीने खुरपे मुळाखाली जाते आणि मातीसकट ढेकूळ वर येते. या वाफ्यांवर विळ्याने तण जमिनीलगत कापायचे आहे आणि मूळ खालीच कुजू द्यायचे आहे. कुंदा आणि लव्हाळा मात्र कापून भागत नाही. तेवढा कुदळीने खणून काढावा.

## टप्पा ७: गोगलगायी आणि वाणी

आच्छादनाबरोबर ओलावा येतो आणि ओलाव्याबरोबर लपायला जागा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ज्या गावात हा उपद्रव आहे तिथे पहिल्या वर्षी ओळीच्या दोन्ही बाजूंनी चार-चार बोटे जागा उघडी ठेवावी आणि आच्छादन मधल्या पट्ट्यात सरकवावे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधालगत जागोजागी अंथरावीत, आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हे एकट्या शेतकऱ्याने करून उपयोग कमी; शेजारच्या चार बांधांनी एकाच आठवड्यात केले तर संख्या खरोखर घटते. प्रादुर्भाव जास्त असेल तर मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या एकरी २ किलो बांधाच्या कडेने टाकतात, पण कुत्री, कोंबड्या आणि वासरे यांना त्या विषारी आहेत, म्हणून जनावरांचा वावर असलेल्या कडेला त्या वापरू नयेत.

वाणी म्हणजे पैसा किडा दिवसा काडाखाली राहतो आणि रात्री उगवते कोंब कुरतडतो. पेरणीनंतर आठ-दहा दिवस रोज सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, शेतात फेरी मारावी. दुपारी गेल्यास नुकसान दिसते, करणारा दिसत नाही.

## टप्पा ८: काढणी, आणि मुळे जमिनीतच

या टप्प्यावर मराठवाड्यातल्या जुन्या सवयी सर्वांत आड येतात. सोयाबीन आपण विळ्याने कापतो, ते ठीक आहे. पण शाळू (रब्बी ज्वारी) आणि हरभरा उपटण्याची पद्धत अनेक गावांत आजही आहे. शाळू उपटला की मुळांभोवतीची मूठभर माती झाडली जाते आणि जमिनीत पोकळी राहण्याऐवजी खड्डा राहतो. हरभरा उपटला की गाठी असलेले मूळ खळ्यावर जाते. दोन्ही पिके जमिनीपासून कापावीत. शाळूचे चार ते सहा इंच धसकट उभे ठेवावे. कडब्याची पेंढी थोडी आखूड होते आणि बाजारात त्यावर घासाघीस होते, हे खरे आहे. तो तोटा पहिल्या टप्प्यातल्या हिशेबात धरलेला असला म्हणजे काढणीच्या दिवशी वाद होत नाही. हरभरा कापायला विळा धारदार हवा आणि काढणी दव असताना, सकाळीच उरकावी, म्हणजे घाटे गळत नाहीत.

मळणी यंत्र शेताच्या कडेला लावावे. यंत्राने सोडलेला गुळीचा ढीग तसाच ठेवू नये. ठरवलेला वाटा दोन-तीन दिवसांत वाफ्यांवर पातळ पसरावा. ढिगाखाली उंदीर राहतात आणि जमीन कुजकट होते. ओल असताना हार्वेस्टर शेतात घालू नये. एका ओल्या दिवशीची त्याची चाके वाफ्यांची जी अवस्था करतात, ती दुरुस्त करायला पुन्हा संपूर्ण मशागत लागते.

तपासणी: पसरून झाल्यावर कंबरेइतक्या उंचीवरून खाली पाहावे. निदान एक तृतीयांश जमीन काडाने झाकलेली दिसली पाहिजे.

## टप्पा ९: रब्बीची पेरणी, आठवडा न दवडता

शून्य मशागतीचा खरा फायदा इथे हाती येतो. नांगरट, वखरपाळी आणि ढेकळे फोडणे यांत जाणारे आठ-दहा दिवस वाचतात, आणि भारी जमिनीत तेवढ्या दिवसांत वरची ओल भेगांतून उडून जाते. सोयाबीन निघाल्यावर लगेच १० सें.मी. खालची माती मुठीत दाबावी; गोळा होऊन टिकला तर हरभरा किंवा करडई टोकावी, फुटला तर संरक्षित पाण्याची सोय असल्याशिवाय पेरू नये. कोरडवाहू हरभऱ्याचे बी ८ ते १० सें.मी. खोल पडावे, म्हणजे ओलीशी गाठ पडते आणि मर रोगही कमी येतो. कोरडवाहू शाळूची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर आहे. सोयाबीन अनेकदा ही वेळ संपत आल्यावर निघते, म्हणून शाळूचा तुकडा खरिपात वेगळा ठेवावा.

हा तुकडा खरिपात पडीक ठेवून पावसात वारंवार वखरण्याची पद्धत आहे, आणि उघडी माती सर्वांत जास्त तिथेच वाहते. त्याऐवजी जूनमध्ये मूग किंवा उडीद घ्यावा, ६० ते ७० दिवसांत शेंगा तोडून झाडे जमिनीलगत कापून तिथेच पाडावीत आणि त्यातच सप्टेंबर अखेर शाळू टोकावा. पाऊस फारच उशिरा आला तर मुगाऐवजी ताग पेरून फुलोऱ्याआधी आडवा करावा.

## टप्पा १०: उन्हाळा, फेरपालट आणि वाढवायचा निर्णय

सोयाबीनमागून सोयाबीन घेत राहिल्यास आच्छादन कधीच साठत नाही, कारण सोयाबीनची पाने आणि गुळी पावसाळ्याच्या मध्यापर्यंत कुजून संपतात. ज्वारीची धसकटे वर्षभर टिकतात. म्हणून प्रत्येक तुकड्यावर तीन वर्षांत एकदा तरी ज्वारी किंवा बाजरी यायलाच हवी. ज्वारीचे काड कुजताना मातीतला नत्र काही काळ ओढून घेते, त्यामुळे तिच्यामागे कडधान्य घ्यावे. लागोपाठ दुसरे तृणधान्य घेतल्यास ते पिवळे पडते. तुरीच्या मर रोगालाही ज्वारीच्या सोबतीने आळा बसतो.

मार्च ते मे या काळात शेताच्या चारही कडांनी सहा-सात फूट पट्टा काड काढून मोकळा करावा, म्हणजे शेजारच्या बांधाची आग आत येत नाही. मेंढपाळाकडून मेंढ्या बसवून घेणे फायद्याचे आहे. मात्र दोन-तीन रात्रींनंतर त्या पुढच्या तुकड्यावर हलवाव्यात आणि वळवाचा पाऊस झाल्यावर ओल्या वाफ्यांवर कळप येऊ देऊ नये.

वहीत प्रत्येक तुकड्याचे बियाणे, खत, मजुरी, डिझेल आणि उतारा वेगळा लिहावा. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी उतारा थोडा कमी येऊ शकतो, पण मशागतीचा खर्चही घटलेला असतो, आणि दोन्ही आकडे शेजारी असल्याशिवाय घरात निर्णय नीट होत नाही. पावसाळा संपताना तळ काढलेला एक डबा वाफ्यात आणि दुसरा नेहमीच्या नांगरलेल्या शेतात दोन इंच रोवून दोन्हींत सारखे पाणी ओतावे आणि मुरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. त्याच दिवशी दोन्ही ठिकाणी एक फूट लांब, रुंद आणि खोल माती काढून गांडुळे मोजावीत. सेंद्रिय कर्बाची तपासणी तिसऱ्या वर्षी, त्याच महिन्यात आणि त्याच जागांवरून करावी. दरवर्षी केल्याने फरक कळत नाही.

दुसऱ्या खरिपानंतर पाणी लवकर मुरत असेल, बहुवार्षिक तण वाढलेले नसेल आणि आच्छादन जूनपर्यंत टिकले असेल, तरच पुढचा एकर घ्यावा. यातली एक जरी गोष्ट कमी असेल, तर त्याच तुकड्यावर आणखी एक वर्ष काम करावे. जुन्या वाफ्यांना दरवर्षी मे महिन्यात फक्त सरी साफ करणे आणि खचलेली कड फावड्याने सावरणे एवढेच लागते. सरीतला गाळ वाफ्याच्या माथ्यावर परत टाकावा, बांधावर नाही.